पहिले मोठ्याले विचार

नाई, त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय हालते — स्टुलावर बस, पंख्याखाली. बॅग मांडीवरच राहू दे, खाली सगळा फुफाटा हाये. बल्लारशाची गाडी कुठी जात नाई अजून, ड्रायव्हर जेवाले बसला, तो पाह्य, डबा उघडून. तुझे बाबा काऊन नाई आले दुकानात? चाय पिऊन राह्यले — हौ, दिसून राह्यलं मले, केव्हाचा एकच कप हाये त्यायच्या हातात. पिऊ दे. मीच म्हटलं होतं, पोरगी दिल्लीले निघाली तं जाता-जाता दुकानात येऊन जाऊ द्या म्हणून. दोन गोष्टी सांगाच्या होत्या. मी हे स्क्रीन बदलवता-बदलवता बोलतो, चालते ना तुले? चालते. हात रिकामे राह्यले का मले राग येते.

तं रशियनले जातेस. एम.ए. त्याच डिपार्टमेंटात, त्याच मॅडमच्या हाताखाली. आपल्या गावातून रशियन शिकाले जाणारी तू दुसरी. पहिला कोण? पहिला मी. पहिल्याचं काय झालं? पहिला आलापल्लीच्या बसस्टँडवर लोकायच्या मोबाइलले स्क्रीन गार्ड चिपकवून राह्यला. अन् हे खूळ तुले माझ्यामुळं लागलं, तेबी मले ठाऊक हाये. तू दहावीत होती, मी सुट्टीत यायचो, अन् अंगणात धान पसरवता-पसरवता तुले म्हणायचो — म्न्ये खोलदना. म्हणजे काय? मले थंडी. रशियन माणूस 'मी थंड आहे' असं म्हणत नाई — मले थंडी, मले उदास, मले कंटाळा, सगळं बाहेरून येते अन् आपल्या खांद्यावर बसते. वर्गातली दिल्लीची पोरं इंग्रजीतून समजून घेता-घेता घामेजून गेली, अन् मी मागच्या बाकावर हासून राह्यलो — अबे, हे तं आपली आजी बोलते. ज्या बोलीले चंद्रपूरच्या कॉलेजात सर लोक 'खेड्यातली' म्हणत, ती इथी कामी आली. मॅडमनं मले उठवून फळ्यापाशी नेलं, म्हणे तू सांग यांना. तसा आनंद मले नंतर कशानंच — जाऊ दे. आनंदाचं नाई सांगत तुले. पुढचं सांगतो.

मॅडमचं काम म्हणजे नुसतं व्याकरण नाई, व्याकरणाच्या मागचं डोकं. माणूस जसं वाक्य बांधते, तसंच त्याले आठवते का — हे पाहाचं. रशियन माणूस म्हणते, माझ्यापाशी कप फुटला. फोडणारा वाक्यात नाईच, कपच आपला आपण फुटून राह्यला. आता रोज असं बोलणाऱ्याले, कप कोणं फोडला हे ध्यानात राहते का? चांगला प्रश्न हाये, खोटं कायले बोलू. त्याच्यासाठी बारक्या-बारक्या फिल्मा बनवल्या होत्या — स्वैपाकखोली, टेबलावर काचेची बरणी, एक टकला माणूस येते. एका फिल्ममधे त्याचा कोपर लागते बरणीले. दुसऱ्यात तो इकडं-तिकडं पाह्यते अन् मुद्दाम ढकलते. पाहणाऱ्याले विचाराचं, काय झालं? मंग विचाराचं, कोणं केलं? मॉस्कोत हे एकेकट्याले खोलीत बसवून दाखवलं, कानात हेडफोन, आजूबाजूले कोणीच नाई. अन् मराठीच्या बाजूनं कोण? मॅडम म्हणे, तुझं गाव. मी म्हटलं, बढिया.

आता गावात माणूस कसं विचारते? तूच सांग. — मी सांगतो. लॅपटॉप घेऊन उतरलो, तं माझा बाप म्हणे, पहिले मोठ्याले विचार. लहान्याले आधी विचारणं म्हणजे मोठ्याची इज्जत काढणं. मले बी तेव्हा काही वावगं नाई वाटलं, आपण तसेच वाढलो. समाजमंदिराच्या ओट्यावर सतरंजी टाकली, चाय झाली, उमरीच्या हिशोबानं सगळे बसले, मागं बाया, त्यायच्या मागं तुम्ही पोट्ट्या. पहिला मान मुखरू मोठे बाबाचा — तुझ्या बाबाचा. फिल्म लावली. टकल्यानं चांगली दोन्ही हातानं बरणी लोटली. मी म्हटलं, काय झालं मोठे बाबा? मोठे बाबानं मिशीवरून हात फिरवला, गळा साफ केला, म्हणे — बरणी फुटली. कोणं फोडली? म्हणे — फुटली बाप्पा, काचेची वस्तू हाये. झालं. वारलूभाऊ म्हणे, फुटली. हरिदासभाऊ म्हणे, फुटली. बुधरी आजीले दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू, तिचं तोंड पडद्याकडं नाईच, चिंचेच्या झाडाकडं — ती बी म्हणे, फुटली. अख्ख्या गावाले एक तोंड, अन् त्या तोंडावर तुझ्या बापाची मिशी.

हास, हास. मॅडम बी अशाच हासल्या होत्या, आनंदानं. म्हणे हे तर रशियनच्याही पुढं गेलं, या बोलीत करणारा माणूस लोकांच्या मनातूनच पुसला जातो. मी म्हटलं, मॅडम, कोणाच्याच मनातून काही पुसलं नाई. सगळ्याले ठाऊक होतं टकल्यानं फोडली. बोलले नाई फक्त. याच्यात व्याकरणाचा हात नाई, मुखरू मोठे बाबाचा हाये. म्हणे, मग एकेकट्याला विचारून दाखव.

एकेकट्याले. आता आपल्या भागात माणसाले एकट्याले खोलीत घेऊन, दार लोटून, 'कोण होता? तू पाह्यलं का?' असं कोण विचारते? तुले ठाऊक हाये. आपण लहान होतो तवा दिवसा पोलीस येत, अंधारलं का जंगलातले बंदूकवाले येत, अन् दोघायचा प्रश्न एकच. म्हून गावच्या सगळ्या म्हाताऱ्याईनं ठरवलं — बोलन तं एकच माणूस बोलन, बाकीचे तेच म्हणतीन, कोणाचं नाव कोणी घेणार नाई. गाव वाचलं त्यानं. मी कुठी नाई म्हणतो? पण आता ते दिवस गेले ना व, अन् सवय तशीच हाये. धानाची गंजी कोणं पेटवली? पेटली. बोअरची मोटर कोणं नेली? गेली. हरिदासच्या सुनेले घरातून कोणं काढलं? निघाली. जीव वाचवाले भोक पाडलं होतं भिंतीले, म्हातारे आता त्यातूनच रोज ये-जा करून राह्यले. गावात कधी कोणं काही केलंच नाई. सगळं आपोआप होऊन राह्यलं, अन् हे बाजूले बसून चाय पिऊन राह्यले.

थांब, एक स्क्रू पडला. — भेटला.

तं मी परत आलो, घरोघर फिरलो. माझ्याच बापानं चारचौघात म्हटलं, शिकून-शिकून पोट्टा चौकशीवाला झाला. वारलूभाऊनं दार लावलं माझ्या तोंडावर, त्याच वारलूभाऊनं, ज्याच्या खांद्यावर बसून मी बाजार पाह्यला. मॅडमले सांगतलं, तं म्हणे राहू दे, पहिलंच छापू, सुंदर आहे ते. मी म्हटलं, खोटं हाये. म्हणे खोटं कसं, रेकॉर्डिंग आहे. आता बोल — इकडचे मोठे खरं सांगत नाई, तिकडचे मोठे खरं आयकत नाई, अन् मधात कोण? एक दिवस डिपार्टमेंटात सगळ्यायच्या देखत जे बोलाचं ते बोललो अन् स्टेशनवर आलो. गावात म्हणतात, निकेशचं शिक्षण सुटलं. बैलाचा दोर हाये का सुटाले? सोडलं. मी सोडलं, या तोंडानं सांगतो. — अन् मॅडमनं छापलं का? छापलं. मी वाचलं ना. बुधरी आजी हाये त्याच्यात, 'एक वयोवृद्ध स्त्री' म्हणून. मोतीबिंदू नाई त्याच्यात.

तो मोबाइल नको उचलू. दे इकडं. — हौ, तेच हाये. टकल्याचीच फिल्म. कायले म्हणजे? डिस्प्ले चेक कराले. स्क्रीन बदलवली का गिऱ्हाइकाले काहीतरी चालवून दाखवा लागते ना. — बरं, अशी नको पाहू माझ्याकडं. हौ, दाखवतो. अन् सहज म्हणतो, रंग बरोबर दिसून राह्यले का भाऊ? काय झालं तिथी? गिऱ्हाइक एकटं असते, डोळे फोनवर, त्याले वाटते मी फोनचंच विचारून राह्यलो. अन् दिव्यानी, बोलतात. आपलेच लोक. 'हा टकला बदमाश हाये,' म्हणतात. मागच्या बाजाराच्या दिवशी वारलूभाऊ आला होता, तोच, दार लावणारा. फिल्म पाह्यली अन् म्हणे, याले दोन लाता घाला पाह्यजे, पाह्य कसा लोटते चोरावानी. मी खाली मान घालून सोल्डरचा टाका मारत राह्यलो. वर पाह्यलं असतं ना, तं त्यानं ते बी गिळलं असतं. — नाई, लिहून कुठी ठेवू? कोणाले दाखवू? मन लागते माझं, बस. येडा म्हण पाह्यजे तं.

अन् सगळ्यात पहिली तू होती. तुले आठवत नसन. त्या दिवशी सकाळी, ओट्यावर बसाच्या आधी, तुमच्या स्वैपाकखोलीत मी फिल्म चालते का पाहून राह्यलो होतो, अन् तू मागून, हातात विळा-बिळा घेऊन, म्हणाली — फोडली यानं दादा, अन् आता बायकोवर नाव टाकन, पाह्य. बायको. फिल्ममधे बायको कुठीच नाई. मी किती हासलो. मनात म्हटलं, हेच, हेच पाह्यजे मॅडमले. अन् दुपारी ओट्यावर तुझी पाळी आली, सगळ्यायच्या शेवटी, तं तू तुझ्या बाबाकडं पाह्यलं अन् म्हणाली — फुटली. मी पुन्हा विचारलं तुले. पुन्हा बाबाकडं पाह्यलं. पुन्हा फुटली. बाकीच्यायचा राग नाई आला मले. मोठे बाबाचा बी आला नाई तितका. तुझा आला. लहान होती, हौ, समजते मले. तरी आला. अजून हाये तो, इथीच कुठीतरी, या डब्यात स्क्रूसंगं पडून.

म्हून सांगतो ना, तिथी जाऊन काय करशीन? मॅडम दुसऱ्याच महिन्यात म्हणतीन, जा, गावात जा, तुझीच माणसं आहेत. तू नाई म्हणू शकणार नाई, तुले मोठ्यापुढं तोंड उघडाची सवय नाई. मंग रडशीन. परत याची इच्छा होईन अन् लाजेनं येता येणार नाई. त्याच्यापक्षा गडचिरोलीले बी.एड. कर, जवळच्या जवळ, आईच्या गुडघ्याकडं बी लक्ष राहीन, अन् पुढं-मागं एखादं चांगलं स्थळ —

हे माझं नाई.

हे शेवटचं माझं बोलणं नाई. हे तुझ्या बाबाचं हाये, जसंच्या तसं. — बरं, आयक. मी नाई बोलावलं तुले. त्यायचा फोन आला होता काल. म्हणे, तू हात पोळून बसला बेटा, पोरगी तुझंच आयकन. तू जा म्हटलं तं जाईन, तू नाई म्हटलं तं बॅग घेऊन आम्ही परत. अन् मी हौ म्हटलं. काऊन म्हटलं? चांगलं वाटलं मले. गावानं येडा-भैताड ठरवलेल्या माणसाले इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणं काही विचारलं. पहिले मोठ्याले विचार — अन् मी मोठा झालो ना, बाप्पा. मिशी तेवढी बाकी हाये.

केव्हाचा बोलून राह्यलो मी? तू काय बोलली? चालते का म्हणून विचारलं, चालते मीच म्हटलं. गावात कसं विचारतात ते तुले विचारलं, सांगतलं मीच. तिथी जाऊन काय करशीन, त्याचं उत्तर बी मीच देऊन बसलो. सतरंजी तेवढी टाकाची राह्यली. म्हाताऱ्याईले शिव्या देऊन राह्यलो अन् ओट्यावर पहिल्या नंबरले जाऊन बसलो — बाबाच्या फोनचं तुले ठाऊक होतं का? केव्हापासून? नाई, नको सांगू. आता नको. ते पाह्य, कप ठेवला त्याईनं. येऊन राह्यले.

या मोठे बाबा. त्या खुर्चीवर नका बसू, तिचा पाय हालते. — काय ठरलं? मले काय ठाऊक. मी मोबाइल दुरुस्त करतो. नाई, समजावलं-बिमजावलं नाई काही, माझंच पुराण लावलं होतं. हौ, फोनवर हौ म्हटलं होतं, आता नाई म्हणतो, माझ्यावर टाकू नका. जाणारी तुमच्यापुढं बसली हाये, तिले विचारा. — नाई. तुम्ही पहिले नका सांगू. मी बी नाई सांगत. आज लहान्यापासून. — असं नसते म्हणता? तं नसू द्या, आज होऊ द्या.

ड्रायव्हरनं डबा झाकला, दिव्यानी. बॅग खाली नको ठेवू. अन् बाबाकडं नको पाहू. माझ्याकडं बी नको. मी चूप बसलो.