गोठ्यातली खिडकी

नवऱ्याच्या क्षयावर उपाय म्हणून गोठ्यात त्याची खाट टाकायची परवानगी मागायला उर्सुला ब्रिस्टलच्या डॉक्टरांकडे आली होती. बाकावर शेजारी दोघीजणी बोलत होत्या.

“डॉर्कस, तुझी बहीण टॅमसिन कशी आहे गं?”

“गोठ्यात आहे, मावशी! गाईंच्या श्वासानं छाती बरी होते म्हणे. दोन गाईंच्या मधोमध निजवलीय तिला.”

“आणि खोकला?”

“वाढलाय. उपचार म्हणून रक्त काढून काढून हाताच्या काड्या झाल्यात. डॉक्टर येतात, नाकाला रुमाल लावून दारातूनच विचारतात, ‘कसं वाटतंय?’”

“वासामुळे?”

“नाहीतर काय! खिडकी मात्र उघडायची नाही. गाईंचा श्वास वाया जातो ना! ती बिचारी सारखी म्हणते, ताई, जरा वारा येऊ दे.”

“मग?”

“काल उघडली मी. तर आधी गाईनंच डोकं बाहेर काढलं!”

“अगं बाई!”

“टॅमसिन हसली हो, किती दिवसांनी! आता घरी नेतेय तिला. तेच डॉक्टरांच्या तोंडावर सांगायला आलेय.”

आतून उर्सुलाच्या नावाचा पुकारा झाला.

“आधी तुम्ही जा, बाई,” ती डॉर्कसला म्हणाली. “दार तेवढं लावू नका. काय उत्तर देतात, ते मला ऐकायचंय.”