रबरी सुरा

श्रीकांतच्या ऑफिसात काउबॉय पार्टी होती ना, तेव्हाची गंमत सांगते. जुन्या अमेरिकेत सरहद्दीवरचे लोक कमरेला रुंद सुरा लावायचे, तसाच आमच्या नवरोबांना हवा होता. इथल्या सेरंगून भागातल्या दुकानात पितळी मुठीचा भलताच महाग निघाला, म्हणून मी रबराचा उचलला.

"रबराचा? मी काय बालवाडीत चाललोय?"

"अरे, एका संध्याकाळपुरता तर हवाय!"

घेतला, पण तोंड फुगवून. पार्टीला निघालो, तर एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, स्टेशनवर बॅगा तपासत होते. श्रीकांतने झिप उघडली, पोलिसाला मूठ दिसली आणि बघता बघता आणखी दोघं धावत आले. म्हटलं, आता नोकरीही गेली आणि इथे राहायचा पासही गेला! मी ओरडले, "रबर! ओन्ली रबर!"

पोलिसाने पातं वाकवून पाहिलं आणि तो खो खो हसत सुटला. इथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाला, "ओके लाह, अंकल, गो!"

गाडीत श्रीकांत बॅग छातीशी धरून बसला. मला वाटलं, बिचारा घाबरलाय. तर कानाशी येऊन म्हणतो, "तिघं पोलीस जमले गं! म्हणजे अगदी खरा दिसतोय."