सुमनला न इचारता

म्या जळकोटची. माहेर बी इथलं अन् सासर बी इथलंच, गल्ली तेवढी बदलली. शिवणकाम करते, ब्लाऊज, फॉल-पिको. आमी दोघी बहिणी, धाकटी सुमन, तिला आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडं दिली. आई लवकर गेली म्हणून सुमनची वेणी म्याच घातली, तिला पाळी आली तवा समजावलं बी म्याच, म्हणून ती मला काय बी सांगायची.

तर तिचा नवरा मारायचा. शाळंत मास्तर, लोकांत लई गोड. दुपारी सुमनचा फोन यायचा, अक्का आज पट्ट्यानं मारलं, अक्का कुणाला बोलू नगंस, माझी आन हाय. अन् नवरा-बायकोतलं बी सांगायची, जे बहिणीलाच सांगावं असलं. म्या व्हय व्हय म्हणायची अन् इकडं रेकॉर्डिंगचं बटन दाबायची. महिनाभर दाबलं, तिला सांगितलं न्हाय.

तुळजापुरात वकीलबाईंकडं गेले. त्यांनी ऐकायच्या आधी इचारलं, हे बहिणीला माहीत हाय का? न्हाय म्हणलं. मग बाई म्हणल्या, कोर्ट धरील का न्हाय ते नंतर बघू, पण बोलणं तिचं हाय, आधी तिला इचारा, तयार असंल तर दोघी या. मला वाटलं, ती नगं म्हणली तर? म्हणून म्या इचारलंच न्हाय. इथंच चुकले बघा.

मग शेजाऱ्यांनी मारहाण ऐकली अन् सुमनच्या सासरी पाहुण्यांची बैठक बसली. मास्तर म्हणला, म्या बोट बी लावलं न्हाय. काय सांगू तुम्हाला, माझं डोकंच फिरलं, फोन काढला अन् मोठ्यानं लावला. दीर, चुलते, शेजारी, समदे ऐकत व्हते. तिचं रडणं आलं, मग ते नवरा-बायकोतलं बी आलं, अन् मला बंदच करता येईना. मास्तरची मान खाली गेली, ते खरं. पण सुमन उठली अन् म्हणली, अक्का, त्यानं मारलं ते घरात, तू मला समद्यांसमोर उघडं केलंस.

सुटली ती तिथनं. उमरग्याला एका दवाखान्यात कामाला हाय, खोली करून ऱ्हाती. लोक म्हणत्यात, तुझ्यामुळं सुटली. व्हय, सुटली. पण इचारलं असतं तर तिच्या तोंडानं बोलली असती का, कुणाला ठावं? म्या तिला मोकाच दिला न्हाय.

तिच्याम्होरं फोनातलं समदं रेकॉर्डिंग पुसून टाकलं. आता सणाला फोन येतो. कशी हाईस? बरं हाय. जेवलीस? जेवले. मग ती फोन ठेवती.

असू द्या. आई भवानी तिला सुखात ठेवो. मला न्हाय तर न्हाय, पण मनातलं कुणाला तरी सांगत असावी, एवढंच वाटतं.