शाल अजून टेबलावरच आहे

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय वामनराव ढोरे साहेब, अकोल्याहून वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे खुशालराव काळमेघ साहेब, जिच्यासाठी आपण जमलो ती सत्कारमूर्ती ललिता गावंडे, समोर बसलेले आजी-माजी खेळाडू, पालक आणि अमरावतीकर बंधुभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी सीमा तायडे. अकोल्याला शाळेत खेळ शिकवते. कॉलेजात ललिता आणि मी एकाच बास्केटबॉल संघात होतो. आज ती टीव्हीवरच्या समालोचनाचा माईक खाली ठेवून निवृत्त होते आहे, म्हणून हा सोहळा. भाषण हा माझा प्रांत नाही, हातात शिट्टी दिली असती तर बरं झालं असतं. पण अध्यक्षांनी मघाशी कानात सांगितलं, शाल देणारी व्यक्ती येईपर्यंत तुम्ही बोलत राहा. तेव्हा माझी नजर तुमच्याकडे कमी आणि दाराकडे जास्त जाईल, ते मनावर घेऊ नका.

शाल कोण देणार, हे इथे कुणाला ठाऊक नाही? माझी मुलगी, प्रणाली. ललिताने अटच घातली, शाल घेईन तर प्रणालीच्या हातून, नाही तर नुसता चहा पिऊन जाईन. समितीने समजावलं, मी समजावलं. पण ऐकेल ती ललिता कसली?

दर्यापूरकडची ही पोर. आमचा सगळा खेळ हिच्या पायांवर चालायचा. मग एका सामन्यात गुडघा गेला आणि डॉक्टरांनी खेळ बंद करायला सांगितला. रडलो आम्ही, ही नाही. पुढच्या सामन्याला बाकावर बसून ही सारखी ओरडत होती, कोण मोकळी आहे, कोण दमली आहे. आमचे प्रशिक्षक शेषराव सर वैतागून म्हणाले, "बाई, इतकं बोलून राह्यली तं माईकवर तरी बोल." आणि खरंच तिच्या हातात माईक दिला. तिथून गावातलं केबल, तिथून मुंबईचं चॅनेल. मुंबईकरांनी सांगितलं, भाषा जरा घासूनपुसून घ्या. तिने घेतली. पण सामना रंगात आला की "काहून सोडला वो तो बॉल" असं निघून जायचंच, आणि इथे आपण टीव्हीसमोर टाळ्या पिटायचो.

एकदा मी तिला विचारलं होतं, तू नेमकं करतेस काय? ती म्हणाली, जे मला दिसतं ते सांगते, आणि सगळ्यांनाच दिसत असेल तेव्हा गप्प बसते.

अध्यक्ष घड्याळ बघत आहेत. साहेब, बोलत राहा असं तुम्हीच म्हणालात.

तर आता ज्या गोष्टीमुळे इथे सगळे अवघडून बसले आहेत, तिच्याकडे येते. गेल्या वर्षीची राज्य स्पर्धा. आपल्या विभागाचा संघ अंतिम सामन्यात, प्रणाली कर्णधार. आपण एका गुणाने मागे. अगदी शेवटी तिने बॉल टाकला, वेळ संपल्याचा भोंगा वाजला, बॉल जाळीतून खाली आला आणि पंचांनी बास्केट दिली. पोरी नाचायला लागल्या. प्रणाली एकटी जागच्या जागी उभी. मला वाटलं, आनंदाने सुन्न झाली असेल. आणि जिने लहानपणी तिला बॉल धरायला शिकवला ती ललिता टीव्हीवर म्हणाली, "नाही. भोंगा वाजला तेव्हा बॉल हातातच होता."

समोरच्या संघाच्या मॅनेजरने ते मोबाइलवर ऐकलं आणि तो तडक पंचांकडे गेला. पंचांनी चित्रण पाहिलं, बास्केट रद्द केली. ती बोलली नसती तर पंचांनी पाहिलं असतं का? देव जाणे. राज्याच्या संघाचं कर्णधारपद प्रणालीकडे येणार, असं सगळे धरून चालले होते. तेही गेलं.

त्यानंतर या सभागृहातल्या किती जणांनी ललिताला घरभेदी म्हटलं, ते मी विचारत नाही. प्रणाली तिला एवढंच म्हणाली, "मावशी, तू चूप राह्यली असती तं काय बिघडलं असतं?" ललिता म्हणाली, "मले दिसलं, बाई." तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद आहे. एक माझी जिवाभावाची मैत्रीण, एक माझ्या पोटची पोर. मी कुणाच्या बाजूने होते, हे मला विचारू नका. वर्षभर घास गोड लागलेला नाही, एवढं सांगते.

आज सकाळी अकोल्याहून निघताना प्रणालीला विचारलं, येशील ना? ती बुटाच्या नाड्या बांधत राहिली.

ती आली आहे. दारात उभी आहे. मागे वळून पाहू नका, बिचकेल. पाहिलंतच, बरं. प्रणाली, मी तुला वर बोलावणार नाही. मनातून वाटलं तर ये. नाही वाटलं तर आपण दोघी मिळून घरी जाऊ, मी काही बोलणार नाही. तिला कुणी पुढे ढकलू नका, हात जोडते.

काय म्हणालीस?

सगळ्यांना ऐकू आलं नसेल, मी जसंच्या तसं सांगते. ती म्हणते, "आई, बॉल माह्या हातातच होता. मले तवाच समजलं होतं."

अगं, म्हणून तू नाचली नव्हतीस.

खुर्च्या जरा सरकवा, तिला वाट द्या. ललिता, उठू नकोस, गुडघा दुखेल. उठलीच ही. प्रणाली पायऱ्यांवर आहे. तिने शाल उचलली. आता यापुढे सगळ्यांना दिसतंय, तेव्हा मी गप्प बसते.

अध्यक्ष महाराज, पाहुणे आणि आपण सारे, माझं हे लांबलेलं बोलणं धीराने ऐकलंत, फार आभारी आहे. काही उणंअधिक बोलले असेन, तर एका आईचं बोलणं म्हणून पोटात घाला. फक्त टाळ्या थोड्या थांबवा. त्या दोघी बोलून राहिल्या आहेत.