मोकळी वाट

हाडांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोघी बहिणी बसल्या होत्या. आत त्यांच्या वडिलांच्या पायाला प्लास्टर चाललं होतं.

"ताई, त्यांना सोपं जावं म्हणूनच आवरलं गं मी. पलंगापासून बाथरूमपर्यंत नुसती अडगळ होती."

"काय काय काढलंस?"

"मोडकी खुर्ची, आईचं शिलाई मशीन, ती पत्र्याची पेटी. सगळं भंगारात दिलं."

"अगं, त्यांना हल्ली धड दिसत नाही. खुर्ची, मग मशीन, मग पेटी, असं चाचपत जायचे ते."

"मला का नाही सांगितलंस?"

"तेच नको म्हणाले. धाकटी उगाच काळजी करत बसेल म्हणून."

"पडले तेव्हा मी विचारलं, बाबा, कशाला अडखळलात? तर म्हणाले, कशालाच नाही, पोरी. हाताला काही लागलंच नाही."