नातीच्या सोयरिकीत विघन बर्गर

...अन् मी म्हनतो, पावाच्या छातीत सुरा खुपसाचं कामच काय? तोही काळा पाव! कोळशासारखा काळा, त्यात मुठीपर्यंत सुरा, अन् बाजूनं लाल लाल रस पाटावर ओघळून राहिला... नाही, तुमाले सांगतो, मी भांडखोर मानूस नाही, हिवरखेडात कोनालेही विचारा, बुधाजीचा चढलेला आवाज त्याच्या बैलानंही कधी ऐकला नसन. पन नातीची सोयरीक पाहाले आलेल्या म्हाताऱ्यापुढं असं कोनी ठेवते का, बाप्पा?

त्यात त्या पोरानं नाव सांगतलं. हसत हसत सांगतलं! "आबाजी, हा आमचा पेशल. विघन बर्गर."

विघन!

आता तुमीच सांगा, सोयरिकीच्या दिवशी कोनी विघन खाते?

पोरगं म्हनजे पियुष. चिखलदऱ्याले त्याचं ते काय म्हनते... पब हाये. आमच्या आकांक्षानं त्याले पसंत केलं, त्याच्या बापानं, खुशालरावनं, हिले पसंत केलं, सगळं जमल्यातच जमा होतं, फक्त म्हाताऱ्याचा शब्द बाकी. माझा. अन् मी भेलो होतो, काहून का याच्या आधी दोन जागी सुपारी फुटता फुटता राह्यली. एकडाव तर पाहुने घरून निंगाले अन् अर्ध्या रस्त्यातून वापस गेले! पोट्टी कितीक दिवस भित्तीकडं तोंड करून निजे. त्या टायमाले मी मारोतीपुढं मनातल्या मनात बोललो, हिची सुपारी फुटेपर्यंत मटन तोंडात घालनार नाही. अन् मटन म्हनजे मले काय हाये, हे... जाऊ द्या. घरात कोनाले सांगतलं नाही. नवस बोलून दाखवला का त्यातला जीव जाते. आमच्या श्यामले, म्हनजे आकांक्षाच्या बापाले, वाटे बाबाचे दात गेले असन.

तर निंगालो. भरदुपारी घाट चढलो, अन् धुकं असं उतरलं का गाडीचं नाक दिसेना. श्याम म्हने, "बाबा, मौसम मस्त हाये ना?" मस्त! दरी कुठं अन् रस्ता कुठं, पत्ता नाही. अन् वळनावर दगडावर एक वांदर बसलेलं, ते आमच्याकडं असं पाहे, जसं काही त्याले पुढचं सगळं मालूम हाये...

आत गेलो तं आतही अंधार. भित्ती काळ्या, दिवे इवलुसे, अन् कुठून तरी धम... धम... धम... मी म्हटलं, "श्याम, कोनाले पोचवून राहिले रे?" थो म्हने, "बाबा, गानं हाये थे." गानं!

अन् मंग तो सुरा खुपसलेला काळा पाव. खुशालराव म्हनजे दारात मावनार नाही असा मानूस, अन् आवाज हा असा, विहिरीतून आल्यासारखा: "घ्या आबाजी. पोरानं स्वताच्या हातानं केलं. तुमी पहिला घास घेतल्याबगर आमी कोनी हात लावनार नाही." अन् बसले ना सगळे हात आवरून! सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडाकडं. मी पोराले म्हटलं, "बापू, आज पोट जरा..." तेवढ्यात आकांक्षानं टेबलाखालून माझा हात धरला. "आबा, एक घास. माह्यासाठी."

आता तुमीच सांगा, काय करन मानूस?

घेतला घास. दात लागले, अन् जिभेनं वळखलं. मटन! धागे सुटलेलं, काळ्या मसाल्यातलं, लवंग-कलमीचं, जिभेवर ठेवलं का डोळे मिटनारं मटन! थुकावं, तं सोयऱ्यांचा अपमान, सोयरीक आत्ताच मोडते. गिळावं, तं मारोती पाहून राहिला, सोयरीक उद्या मोडते. सांगून टाकावं, तं नवसच गेला! तोंडात घास, बाहेर धुकं, अन् त्याच घडीले लाइट गेली. धमधम बंद. अन् अंधारातून खुशालरावचा आवाज आला,

"गिळा आबाजी. गिळा."

गिळला.

मंग मारोतीची माफी मागत दुसरा गिळला, अन् खोटं काहून बोलू, तिसरा जिभेनंच ओढून घेतला, बेइमान! लाइट आली तवा पाटावर नुसता सुरा होता, अन् माह्या डोळ्यातून धारा.

"आबा, रडून राहिले तुमी?"

"तिखट लागलं माय." पन मले राहवेना. म्हटलं, मोडाचीच असन तं आज मोडू दे. पोराले विचारलं, "बापू, बकरा कुठला रे हा?"

पोरगं असं हसलं! "बकरा? आबाजी, व्हीगन हाये थे! व्हीगन!"

"तेच म्हनतो मी. विघन."

"अवो, व्हीगन म्हनजे जनावराचं काहीच नाही त्याच्यात. मटन नाही, अंडं नाही, दूध-तूपही नाही. कच्चा फनस हाये तो. अन् हा लाल रस म्हनजे बीट."

फनस! बीट! नवस साबूत! तुमाले सांगतो, मी असा उठलो, असा उठलो का पाठीमागं खुर्ची पडली. म्हटलं, "फोडा सुपारी! माहा शब्द हाये!" खुशालराव गळ्यात पडले, माहा श्वास कोंडला, आकांक्षा लहान पोरीवानी रडली, अन् मी मनात म्हटलं, मारोतीराया, सुपारी फुटली, नवस फिटला, आता मंडपात सावजीच्या हातचा मटनाचा रस्सा, भाकर अन् मी...

तेवढ्यात नातजावई माहे पाय धरून म्हने, "आबाजी, खाता खाता रडनारा मानूस मी जिंदगीत पाह्यला नाही. माहं ठरलं. लग्नात सगळ्या पंगतीले हेच!"

अन् माही नात, माहा जीव, टाळ्या वाजवून काय म्हनते? "खरंच! अन् आमचे आबा तं मटनाले शिवतही नाही!"

आता तुमीच सांगा, तिच्या त्या तोंडाकडं पाहून मी काय बोलनार होतो?

पत्रिका छापून आली. श्यामनं वाचून दाखवली. वरतं गनपती, खालतं "कार्य निर्विघ्न पार पडो", अन् पंगतीत, पहिल्या पानापासून आखरीच्या पानापर्यंत, सगळं विघन.

तुमी या, बाप्पा. सगळेच्या सगळे या. फक्त... घरून जेवून या.