गोदाचा सूर

हौसा : केस कोरडे आहेत तुमचे.

धोंडीबा : वाऱ्यानं सुकले.

हौसा : आगगाडीच्या पुलाखाली सूर मारायला जातो म्हणालात. धोतराची किनारसुद्धा भिजली नाही.

धोंडीबा : मारला, निघालो, वाळलो. त्यात काय एवढं?

हौसा : शेजारची लक्ष्मी सांगत होती, तुम्ही गोदाकडं दार लोटून बसला होता. आतून तुमचाच आवाज. 'आपला सूर जुळला की मग कुणाची भीती नाही.' म्हणालात की नाही?

धोंडीबा : म्हणालो असेन.

हौसा : पाठच्या भावाला जाऊन वर्ष झालं नाही. भावजयीशी पाट लावायचा असेल तर तोंडावर सांगा. मी शहाडला माहेरी जाते.

धोंडीबा : काय सूर लावलायस सकाळपासून.

हौसा : माझा सोडा. तुमचा कधी बदलला, ते सांगा.

धोंडीबा : दार लोटलं, कारण आवाज बाहेर जायला नको होता.

हौसा : कसला आवाज?

धोंडीबा : काळूरामच्या सुराचा. मी सनई वाजवायचो, तो मागं त्या सुरावर एकच स्वर धरून बसायचा. तो गेला नि माझी सनई उघडी पडली. पुजारी म्हणतात, सूर धरणारा आण, नाहीतर नगारखाना दुसऱ्याला देतो. दोन घरं जगतात त्याच्यावर. आता गोदा धरते.

हौसा : बाईमाणूस?

धोंडीबा : वर नगारखान्यात कोण बघतंय? पण आधीच बभ्रा झाला तर पायरी चढू देणार नाहीत. तुला सांगितलं असतं, पण लक्ष्मी दिवसभर इथंच बसलेली.

हौसा : भावजींनी बायकोला सूर शिकवला आणि घरात मला पत्ता नाही? पटत नाही मला. बोलवा तिला.

(गोदा येते. पदराआड सूर, सनईसारखंच वाद्य. हौसा दार लावून घेते, मानेनंच खुणावते. गोदा सूर धरते. बराच वेळ तो तुटत नाही.)

हौसा : श्वास कधी घेतलास?

गोदा : नाकानं. गालात हवा धरून ठेवायची, जाऊबाई. कुणी शिकवलं नाही. ते परसात बसायचे, बघून बघून आलं.

हौसा : भावजींचाच ना हा?

गोदा : त्यांचाच.

हौसा : तोंडाला लावताना रडू येत नाही?

गोदा : रडलं की सूर तुटतो. म्हणून तर धरते.